कुत्रा-मांजर पाळताय? वयानुसार अशी घ्या काळजी

"गेल्या वर्षी सगळी इंजेक्शने दिली होती, मग आता दवाखान्यात कशाला?" असे अनेकजण विचारतात. पण आठ वर्षांचा लॅब्राडोर हा उतारवयातला कुत्रा असतो. वय बदलते तसे आजारांचे धोकेही बदलतात. प्राण्यांना दुखणे सांगता येत नाही, मांजरे तर ते लपवतात. म्हणून कोणत्या वयात काय पाहायचे, हे तुम्हाला माहीत असायला हवे.

पिल्लू : जन्मापासून १ वर्षापर्यंत

आईच्या दुधातून मिळालेली प्रतिकारशक्ती शरीरात असेपर्यंत लसीचा पुरेसा परिणाम होत नाही. ती कधी संपते, हे प्रत्येक पिल्लात वेगळे असते. म्हणूनच ६ ते ८ आठवड्यांपासून १६ आठवड्यांपर्यंत, दर ३ ते ४ आठवड्यांनी डोस द्यावे लागतात. एका डोसवर थांबू नका. रेबीजची लस साधारण तीन महिन्यांनंतर आणि पुन्हा एक वर्षाने देतात. जंतांचे औषध वजनानुसार द्यावे.

पिल्लाला उलट्या आणि रक्ताचे जुलाब होत असतील तर कुत्र्यात पार्व्हो, मांजरात पॅनल्युकोपेनिया असू शकतो. अशा वेळी उद्याची वाट पाहू नका.

तरुण वय : १ ते ७ वर्षे

• वजन : बरगड्यांवरून हात फिरवल्यावर त्या सहज जाणवल्या पाहिजेत. जाणवत नसतील तर खाणे जास्त होत आहे.
• नसबंदी : नसबंदी न केलेल्या मादीच्या गर्भाशयात पू होऊ शकतो. माजानंतर काही आठवड्यांत ती खाणे सोडून खूप पाणी पिऊ लागली, तर लगेच तपासून घ्या.
• गोचीड : ताप, मलूलपणा आणि पांढरट हिरड्या ही गोचीड-तापाची लक्षणे असू शकतात. कुत्र्यासाठीचे परमेथ्रिन असलेले औषध मांजराला कधीही लावू नका. त्याने जीव जाऊ शकतो.
• लघवी : बोका वारंवार लघवीला बसतो पण लघवी होत नाही, ही तातडीची अवस्था आहे. काही तासही थांबू नका.

उतारवय : ७ वर्षांनंतर

मोठ्या जातींचे कुत्रे याआधीच म्हातारे होतात, मांजरे थोडी उशिरा. आता वर्षातून दोनदा तपासणी करा. त्यात वजन, दात, रक्त आणि लघवी पाहिली जाते.

"वय झालंय, आता असंच चालायचं," असे म्हणून सोडून देऊ नका. जिना चढायला टाळणारा कुत्रा सांधेदुखीने त्रस्त असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. मांजर जास्त पाणी पिते, जास्त लघवी करते आणि बारीक होते, तेव्हा मूत्रपिंडाचा आजार, मधुमेह किंवा थायरॉइडचा विकार असू शकतो. लवकर कळले तर आहार आणि औषधांनी पुष्कळ फरक पडतो.

प्रत्येक वयात लक्षात ठेवा

• घरातली औषधे देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते.
• कांदा, लसूण, चॉकलेट, द्राक्षे आणि मनुका देऊ नका.
• मांजराने पूर्ण दिवस काही खाल्ले नाही तर डॉक्टरांना दाखवा. लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिले तरी त्याच्या यकृताला इजा होऊ शकते.

दर महिन्याला वजन करून लसीकरणाच्या कार्डवर लिहून ठेवा. कमी होत जाणारे वजन डोळ्यांना उशिरा दिसते, आकड्यांत आधी दिसते.