नळयोजना : बांधायला पैसा मिळतो, चालवायला कुठून आणायचा?



गेल्या काही वर्षांत खेडोपाडी चर खणले गेले, पाईप पडले, उंच टाक्या उभ्या राहिल्या. हा पैसा कुठून आला, तो कसा वाटला गेला आणि पुढे ह्या योजनांचं काय होणार, हे ऊस उत्पादकाने तरी समजून घेतलंच पाहिजे. कारण गावाच्या पाण्याचा सर्वांत मोठा वापर त्याच्याच शेतात होतो.

मागचा अनुभव

पिण्याच्या पाण्यासाठी देशपातळीवर पैसा लावण्याचं काम काही आजचं नाही. १९५४ साली राष्ट्रीय पाणीपुरवठा कार्यक्रम सुरू झाला. १९७२-७३ पासून ग्रामीण भागासाठी केंद्राचा वेगळा वेगवर्धित कार्यक्रम आला. १९८६ मध्ये पेयजल मिशन निघालं आणि २००९ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण पेयजल कार्यक्रम आला. दर वेळी नवी गावं यादीत आली, पण आधी पाणी मिळालेली कित्येक गावं पुन्हा 'टंचाईग्रस्त' म्हणून परत आली. कुठे विहीर आटली, कुठे मोटर जळली, तर कुठे वीज तोडली गेली.

महालेखापालांनी २०१८ मध्ये याचा हिशेब मांडला. २०१२ ते २०१७ या पाच वर्षांत केंद्र आणि राज्यांनी मिळून ८१,१६८ कोटी रुपये खर्च केले. माणशी ४० लिटर मिळणाऱ्या वस्त्यांचं प्रमाण मात्र फक्त ८ टक्क्यांनी वाढलं, आणि ५५ लिटर मिळणाऱ्यांचं साडेपाच टक्क्यांनी. म्हणजे नुसता पैसा ओतल्याने पाणी येत नाही.

आताची योजना

१५ ऑगस्ट २०१९ रोजी जलजीवन मिशन जाहीर झालं. प्रत्येक ग्रामीण घरात नळ आणि माणशी रोज ५५ लिटर शुद्ध पाणी हे त्याचं उद्दिष्ट. त्यासाठी ३ लाख ६० हजार कोटींचा अंदाज धरला होता. आपल्यासारख्या राज्यांत केंद्र निम्मा आणि राज्य निम्मा वाटा उचलतं. सुरुवातीला देशात ३ कोटी २३ लाख ग्रामीण घरांत नळ होता. २०२५ पर्यंत हा आकडा १५ कोटींच्या वर गेला. २०२४ ची मुदत पुरली नाही, म्हणून २०२५ च्या अर्थसंकल्पात ती २०२८ पर्यंत वाढवण्याची घोषणा झाली.

याशिवाय १५ व्या वित्त आयोगाने २०२१-२२ ते २०२५-२६ या काळासाठी ग्रामीण स्थानिक संस्थांना जे अनुदान ठरवलं, त्यातील ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधून दिली. मिशनमध्ये गावातील अंतर्गत कामाच्या खर्चाचा १० टक्के वाटा गावाने द्यावा, असंही ठेवलं आहे. डोंगरी, वनक्षेत्रातील आणि अनुसूचित जाती-जमाती बहुसंख्य असलेल्या गावांसाठी तो ५ टक्के आहे. पैसा घातला की माणूस लक्ष ठेवतो, हे आपल्याला शेअरच्या अनुभवाने ठाऊक आहेच.

चालवण्याचा खर्च

कारखान्याचं गळीत संपलं की आपण मिल उघडतो, रोलर तपासतो आणि ताळेबंदात घसारा धरतो. बॉयलर एकदा बसवला म्हणजे कायमचा झाला, असं कोणी म्हणत नाही. पाणीयोजनाही तशीच यंत्रणा आहे. मग तिचा घसारा कोण धरतो?

एका नमुना गावाचा हिशेब करून पाहू. लोकसंख्या ३,०००, घरं ६००. माणशी ५५ लिटरप्रमाणे रोज १ लाख ६५ हजार लिटर पाणी लागेल. ते ६० मीटर चढवायला सुमारे ५४ युनिट वीज लागते, म्हणजे महिन्याला १,६२० युनिट. युनिटला ७ रुपये धरले तर ११,३४० रुपये. पाणी सोडणाऱ्या माणसाचा पगार १२,०००, टीसीएल पावडर व किरकोळ दुरुस्ती ६,६६०, आणि मोटर-पाईप बदलण्यासाठी बाजूला ठेवायचे १२,००० धरू. एकूण ४२,००० झाले. घरामागे महिन्याला ७० रुपये.

आता शंभरातल्या साठच घरांनी पाणीपट्टी भरली, तर जमा होतात २५,२००. तूट १६,८००. बाजूला ठेवायचे १२,००० तर गेलेच, वर वीजबिलही थकलं. मग एके दिवशी मोटर जळते आणि नवी योजना मागायला आपण तालुक्याला जातो. देशाच्या हिशेबात हेच गाव दुसऱ्यांदा खर्ची पडतं.

आडातच नाही तर...

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? तीन इंच पाणी मोकळं सोडून एक एकर ऊस भिजवला, तर एका पाळीला सुमारे ३ लाख लिटर लागतं. वरच्या गावाचं हे जवळजवळ दोन दिवसांचं पिण्याचं पाणी. गावाच्या विहिरीशेजारी आपण नवी बोअर मारली की नळ कोरडा पडायला वेळ लागत नाही. म्हणूनच १९९३ च्या महाराष्ट्राच्या कायद्याने सार्वजनिक उद्भवापासून ५०० मीटरच्या आत नव्या विहिरीवर बंधन आणलं. ठिबकचा लाभ केवळ उताऱ्यापुरता नाही, तो घरच्या हंड्यापर्यंत पोचतो.

सांडपाण्याचं काय?

नळाने आलेल्या पाण्यापैकी साधारण ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडतं. आपल्या नमुना गावात ते रोज १ लाख ३२ हजार लिटर. नळ आला पण गटार-शोषखड्डा आला नाही, तर डास आणि कावीळ गावात येतात.

शहरांची स्थिती याहून वाईट. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालाप्रमाणे देशातील शहरांत रोज ७,२३६ कोटी लिटर मैलापाणी तयार होत होतं. शुद्धीकरण केंद्रांची बसवलेली क्षमता ३,१८४ कोटींची, आणि प्रत्यक्ष शुद्ध होत होतं २,०२३ कोटी. म्हणजे बांधलेली केंद्रंसुद्धा पुरी चालत नव्हती. इथेही तोच धडा. राहिलेलं पाणी नदीत जातं आणि खालच्या गावांच्या जॅकवेलमध्ये येतं. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची साथ आली, माणसं दगावली. पंचगंगाकाठच्या लोकांना ते वेगळं सांगायला नको.

सभासदांनी काय करावं

१) ग्रामसभेत पाणीयोजनेचा जमाखर्च वाचून दाखवायला सांगावं. दुरुस्तीनिधी वेगळ्या खात्यात आहे का, ते विचारावं.

२) पाणीपट्टी वेळेवर भरावी. उसाचं बिल जमा झालं की वर्षाची एकदम भरणं सोयीचं.

३) पाणी समितीत निम्म्या महिला असाव्यात असा नियम आहे. त्यांना नुसतं सहीपुरतं बोलावू नये. नळाला पाणी कधी येतं, किती येतं, हे त्यांनाच पक्कं माहीत असतं.

४) घराच्या सांडपाण्याला शोषखड्डा काढावा, तो विहिरीपासून निदान १५ मीटर लांब. संडासाच्या टाकीचं पाणी गटारात सोडू नये.

५) गावच्या उद्भवाजवळ बोअर घेण्याआधी शेजाऱ्यांचा विचार करावा.

सरकार योजना बांधून देईल. ती चालवणं हे सहकाराचंच काम आहे, आणि ते आपल्याला नवीन नाही.