नावातील साम्य आणि फुलपाखरांची ओळख

नवा रायपूरच्या परिसरात फुलपाखरांची नोंद करणाऱ्या अभ्यासकापुढे पहिली अडचण उभी राहते ती नावांची. इंग्रजीत 'अँगलविंग' म्हणून ओळखली जाणारी फुलपाखरे पॉलिगोनिया या प्रजातीतील होत. पंखांच्या कडा खोल दातेरी आणि मागील पंखाच्या खालच्या बाजूस लहानसे पांढरे चिन्ह, ही त्यांची प्रमुख लक्षणे. भारतात ती हिमालयात आढळतात. छत्तीसगडच्या मैदानात नव्हे.

मध्य भारतात आढळणारे 'अँगल्ड कॅस्टर' हे त्याच निम्फॅलिडी कुळातील, परंतु अ‍ॅरिअ‍ॅडनी या निराळ्या प्रजातीतील फुलपाखरू आहे. त्याचे जवळचे भावंड म्हणजे 'कॉमन कॅस्टर'. दोघांचाही रंग तांबूस तपकिरी आणि दोघांच्याही अळ्या एरंडाची पाने खातात. त्यामुळे केवळ वनस्पतीवरून जाती ठरविता येत नाही. 'अँगल्ड'च्या पुढील पंखाची कड अधिक कोनदार व पंखांवरील रेषा बारीक, एकेरी असतात. 'कॉमन'च्या रेषा नागमोडी व जोडीने असतात. 'अँगल्ड पिएरो' हे काळे-पांढरे लहान फुलपाखरू तर लायकेनिडी या वेगळ्याच कुळातील आहे.

हा प्रश्न केवळ शब्दांचा नाही. जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये स्थानिक समित्या लोकजैवविविधता नोंदवही तयार करतात. तीत मैदानी भागात 'अँगलविंग' नोंदले गेल्यास जातीच्या प्रसाराचे चित्रच चुकते आणि संवर्धनाचे नियोजन फसते. म्हणूनच प्रचलित नावाबरोबर शास्त्रीय नाव, स्थळ, दिनांक आणि पंखांच्या दोन्ही बाजूंचे छायाचित्र नोंदविणे आवश्यक ठरते.