फलकनुमातील मुक्काम

हिंगोलीच्या माणसाला रिसाला बाजार, तोफखाना, पेन्शनपुरा ही नावे इतकी अंगवळणी पडलेली असतात की, निजामाच्या खर्चाने पोसलेली पण इंग्रज अंमलदारांच्या हुकमतीत वावरणारी हैदराबाद कंटिन्जंट नावाची फौज एके काळी याच वाटांवर तळ देऊन होती, याचे त्याला सहसा स्मरणही होत नाही. त्या फौजेच्या खर्चाची बाकी थकत गेल्यामुळे १८५३ साली निजामास वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात द्यावा लागला. आणि त्यानंतर ३१ वर्षांनी, त्याच दौलतीच्या राजधानीत, चारमिनारच्या दक्षिणेकडील टेकडीवर नबाब विकार-उल-उमरा यांनी ‘फलकनुमा’ या प्रासादाचा पाया घातला. हे पायगा घराण्यातले उमराव. पायगा म्हणजे आपली पागाच. घोडदळाच्या तैनातीसाठी ज्यांना जहागिरी लावून दिल्या होत्या ते हे घराणे. तेव्हा इकडचा रिसाला आणि तिकडचा महाल यांचे गोत्र अखेर घोड्यापाशी जुळते.

विल्यम मॅरेट या वास्तुकाराने आखलेल्या या वास्तूची मांडणी नांगी उगारलेल्या विंचवासारखी आहे, असे सांगतात. ३२ एकरांच्या आवारातील हे बांधकाम पुरे होण्यास जवळजवळ नऊ वर्षे लागली, आणि तोवर मालकाचा खजिना बराच हलका झाला होता. सहावे निजाम महबूब अली खान तेथे पाहुणे म्हणून आले, त्यांना ती वास्तू आवडली आणि शतक संपण्यापूर्वीच ती त्यांची झाली. नजराणा म्हणून दिली की कर्जातून सुटण्यासाठी, याविषयीच्या दंतकथा हैदराबादेत अद्याप रंगवून सांगितल्या जातात. १९११ साली महबूब अली खानांनी देह ठेवला तो याच महालात. पुढे सरकारी मेहमानखाना एवढाच त्याचा उपयोग उरला, १९५१ साली राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद तेथे उतरले, आणि त्यानंतर दारे मिटली ती कित्येक वर्षे.

मिटलेल्या घराची अवस्था काय होते, हे ज्यांनी गावाकडच्या वाड्याला लागलेले कुलूप पाहिले आहे त्यांना निराळे सांगावयास नको. जयपूरच्या महाराजांनी रामबाग १९५७ मध्येच हॉटेल म्हणून खुला केला होता, आणि १९७१ मध्ये तनखे बंद झाल्यावर अनेक राजघराण्यांना तोच मार्ग दिसू लागला. फलकनुमाची पाळी फार उशिरा आली. ताज समूहाने निजाम घराण्यातील प्रिन्सेस एसरा यांच्या देखरेखीखाली सुमारे दहा वर्षे जीर्णोद्धार चालविला आणि नोव्हेंबर २०१० मध्ये साठ दालनांचे हॉटेल सुरू झाले. हे काम नवे बांधण्याहून अवघड असते, कारण पाण्याचे नळ, विजेच्या तारा, गार हवेची यंत्रे हे सारे आजच्या पाहुण्याला हवे असते, परंतु त्यातले काहीही त्याच्या नजरेस पडता कामा नये.

मोजक्या दालनांच्या, जिथे घराचा इतिहासच विकला जातो अशा मुक्कामाला हल्ली ‘बुटीक हॉटेल’ म्हणतात. फलकनुमा त्या मानाने थोरलेच आहे. पण माल तोच. फाटकापासून प्रासादापर्यंत पाहुण्याला घोडागाडीतून नेतात. प्रकार थोडा नाटकी आहे खरा, तरीही पागेच्या धन्याच्या घरी मोटारीने जाण्यापेक्षा तो मला अधिक सुसंगत वाटतो. आत विंडसरच्या धर्तीवरचे ग्रंथालय आहे, आणि भोजनगृहात एकशेएक माणसे एका पंगतीला बसतील असे एकच अखंड मेज आहे. पूर्वी त्या मेजावर कोणी कोठे बसावे हे दर्जा ठरवीत असे, आणि आमच्या मुलखातला एखादा देशमुख अर्ज घेऊन राजधानीला गेला, तर त्याचा उतारा मुसाफिरखान्यात किंवा ओळखीच्या वकिलाच्या ओसरीवर असे. आता तेथे दरपत्रक आहे. ते परवडणारे फार थोडे, हे खरेच; पण दरपत्रकाला निदान वंशावळ विचारावी लागत नाही, आणि भाडे येते म्हणून छप्पर शाकारलेले राहते.

फलकनुमा या फारसी शब्दाचा अर्थ आकाशासारखे, आकाश दाखविणारे. शहरातल्या लोकलच्या एका स्थानकाचेही नाव तेच आहे. संध्याकाळी तेथे गाडी लागते तेव्हा डबे आणि पिशव्या सावरीत लोक उतरतात आणि, रिसाला बाजारात भाजी घेणाऱ्या आमच्याप्रमाणेच, टेकडीकडे न पाहता घराची वाट धरतात.