हौद्याचें रक्षण

मालवाहू मोटारगाडी विकत घेणारा मनुष्य बहुधा प्रथम तिच्या यंत्राचा आवाज ऐकतो, मग चाकें पाहतो व शेवटीं रंगावरून हात फिरवितो. परंतु ज्या भागामुळें गाडी धन्यास चार पैसे मिळवून देते, तो भाग म्हणजे तिच्या पाठीवरचा हौदा. यंत्र माल ओढतें खरें. पण माल सोसतो तो हौदा. दगडांचे आघात, पेट्यांचें घर्षण, खतांचा क्षार, पावसाचें पाणी हें सर्व त्यालाच सहन करावें लागतें. कोंकणांतील बंदरांपासून नाशिककडील कांद्याच्या बाजारांपर्यंत ‘पिकअप’ ह्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या लहान मालगाड्यांवर आज असंख्य कुटुंबांचा चरितार्थ चालतो. गाडी पुष्कळदां कर्जावर घेतलेली असते. कर्ज फिटण्यापूर्वींच हौद्याच्या तळास भोकें पडलीं, तर तो तोटा सोसण्याचें सामर्थ्य थोड्यांच्याच अंगीं असतें. म्हणून हौद्यास कोणतें आच्छादन घालावें, हा प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाहीं.

ह्या प्रश्नाचें उत्तर ‘सर्वांत उत्तम आच्छादन कोणतें?’ असें विचारल्यानें मिळत नाहीं. वैद्य जसा औषध देण्यापूर्वीं रोग ओळखतो, तसा ‘ह्या हौद्याचा शत्रु कोण?’ हा निर्णय गाडीवानानें आधीं करावयास हवा.

अमेरिकेंत फोर्ड कंपनीनें १९२५ सालीं आपल्या ‘मॉडेल टी’ गाडीस कारखान्यांतच पोलादी हौदा जोडून ती २८१ डॉलरांस विक्रीस काढली. तत्पूर्वीं तेथील शेतकरी मोटारीच्या मागें लांकडी पेटी स्वतंत्रपणें बसवून घेत. त्यानंतरही कित्येक वर्षें शेव्हरोलेसारख्या गाड्यांच्या हौद्याचा तळ लांकडी फळ्यांचा असे व फळ्यांच्या सांध्यांवर पोलादी पट्ट्या असत. फळी झिजली कीं ती काढून दुसरी घालतां येई. पुढें सबंध हौदा पत्र्याचाच झाला. तो अधिक बळकट झाला खरा, पण झिजून जाण्यासाठीं आणि सहज बदलण्यासाठीं असलेला भाग नाहींसा झाला. आच्छादनाचा प्रश्न निकडीचा झाला तो तेव्हांपासून. भारतांत २००५ सालीं टाटा एस ही गाडी आली व ‘छोटा हत्ती’ ह्या नांवानें खेडोपाडीं पोंचली. तेव्हां हाच प्रश्न महाराष्ट्रांतील लहान वाहतूकदारांच्याही दारीं येऊन उभा राहिला.

हौद्याचे शत्रु तीन. पहिला आघात, चिरा किंवा लोखंडी अवजार वरून पडलें कीं पत्रा पोंचतो. दुसरा घर्षण, पेट्या व पिंपें ओढतांना रंग खरवडला जातो. तिसरा, आणि सर्वांत घातकी, म्हणजे गंज. पहिले दोन शत्रु उघडपणें येतात; तिसरा त्यांनीं मोकळ्या केलेल्या वाटेनें गुपचूप आंत शिरतो. मोटारीवरील रंगाचे सर्व थर मिळून जाडी सुमारें एका मिलिमीटरचा दहावा भाग भरते. एवढेंच पापुद्र्याएवढें कवच लोखंडाला हवेपासून दूर ठेवीत असतें. तें एकदां तुटलें कीं पाणी व प्राणवायु ह्यांच्या संयोगानें गंज चढूं लागतो. गंज मूळ लोखंडापेक्षां अधिक जागा व्यापतो, म्हणून तो शेजारचा रंग उचलून धरतो व त्याखालीं नवीन वाट काढतो. पाण्यांत मीठ असेल तर तें विजेचें चांगलें वाहक बनतें आणि ही क्रिया झपाट्यानें चालते. समुद्राच्या एका लिटर पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात, हें ध्यानांत घेतलें म्हणजे मासळी वाहणाऱ्या गाडीची दशा समजून येईल.

आतां उपायांचा विचार करूं जातां, मुख्यतः चार दिसतात.

पहिला उपाय हौद्याच्या आकाराचें, जाड प्लॅस्टिकचें तयार आवरण. तें सुपासारखें आंत ठेवून पेंचांनीं आवळतात. त्यानें ओरखडे व लहानसहान आघात टळतात, किंमतही बेताची असते. परंतु त्याचे दोष डोळ्यांआड राहतात. आवरण व पत्रा ह्यांच्यामध्यें फट राहते. तींत पाणी व वाळू शिरते. गाडी चालतांना आवरण थरथरतें आणि ती वाळू खालच्या रंगास पॉलिशपेपरप्रमाणें घासते. पेंचांसाठीं पाडलेलें प्रत्येक भोंक म्हणजे गंजास दिलेलें आमंत्रण. शिवाय ह्या गुळगुळीत पृष्ठभागावर माल घसरतो. घाटांतील वळणावर माल एका अंगास सरकला तर गाडी उलटण्याचा संभव असतो.

दुसरा उपाय रबराची जाड चटई. ती आघात शोषून घेते, मालास धरून ठेवते व मुख्य म्हणजे उचलून बाहेर काढतां येते. बाजूंचें रक्षण मात्र तिच्यानें होत नाहीं. साधें रबर तेल लागल्यास फुगतें, हाही तिचा दोष. ती उचलून वाळविण्याचा कंटाळा केला, तर प्लॅस्टिकच्या आवरणाखालीं जें होतें तेंच तिच्याखालींही होतें.

तिसरा उपाय फवाऱ्यानें द्यावयाचा लेप. पॉलियुरेथेन किंवा पॉलियुरिया जातीचीं दोन द्रव्यें पिचकारीच्या तोंडाशीं एकत्र होतात व पत्र्यावर पडतांच अल्पावधींत घट्ट होतात. दीड ते तीन मिलिमीटर जाडीचा हा थर पत्र्यास चिकटून बसतो. मध्यें फट नसल्यामुळें पाण्यास आसरा मिळत नाहीं, आणि खरखरीतपणामुळें माल सहसा सरकत नाहीं. पण ह्या उपायाचें सर्व यश पूर्वतयारीवर अवलंबून असतें. पत्रा घासून, तेलकटपणा काढून, पूर्ण कोरडा केल्याशिवाय लेप दिला, तर तो कालांतरानें सुटतो. गंजावर दिलेला लेप गंज बरा करीत नाहीं. तो केवळ झांकतो. शिवाय हा लेप एकदां दिला कीं काढणें अत्यंत कष्टाचें असतें.

चौथा उपाय गांवोगांवीं प्रचलित आहे, तो म्हणजे तळावर नक्षीचा जाड पोलादी पत्रा, ज्यास चेकर प्लेट म्हणतात, तो जोडणें. आघाताविरुद्ध ह्यासारखी ढाल नाहीं. पण तिला मोल पडतें. हौदा नऊ फूट लांब व साडेपांच फूट रुंद असेल, तर तीन मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचें वजन सुमारें १०८ किलोग्रॅम भरतें. गाडीची वजनमर्यादा तीच राहते. म्हणजे प्रत्येक खेपेस तितका माल कमी नेणें प्राप्त होतें. त्याच मापाच्या लेपाचें वजन पंधरा किलोग्रॅमच्या आसपास असतें. पत्रा डागण्या देऊन जोडला तर मूळ पत्र्याचा रंग खालच्या बाजूनें जळतो, तो पुन्हां लावला पाहिजे. पोलादी हौद्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा घातला आणि खारें पाणी मध्यें शिरलें, तर दोन धातूंच्या संगतीनें ॲल्युमिनियम झिजूं लागतें.

ह्यावरून निर्णय कसा करावा? जांभा दगडाचे चिरे, विटा किंवा खडी वाहणाऱ्यानें आघात हाच मुख्य शत्रु समजावा व वजनाचा तोटा पत्करूनही पोलादी पत्रा घालावा. मात्र कडा नीट बुजवून घ्याव्या. टोमॅटोच्या क्रेट किंवा कांद्याच्या गोण्या नेणाऱ्यास घर्षणाची व माल सरकण्याची भीति. त्यास रबरी चटई पुरेशी होते. रासायनिक खतें वाहणाऱ्यानें विशेष सावध असावें, कारण पोटॅशचें खत हा क्षारच असून कित्येक खतें हवेंतील ओलावा ओढून घेतात. त्यानें व मासळीवाल्यानें फट राहील असें कोणतेंही आवरण टाळावें व गाडी नवी असतांनाच चांगला लेप देववावा.

हर्णैसारख्या बंदरावरून मासळी उचलणारी एक गाडी कल्पनेंत आणावी. धन्यानें नव्या गाडीस हौसेनें प्लॅस्टिकचें आवरण बसविलें. बर्फाचें खारट पाणी रोज त्याखालीं जात होतें. वरून पाहणाऱ्यास हौदा नवाच दिसत होता. तीन-चार पावसाळ्यांनंतर आवरण उचललें, तों खालचा पत्रा बोटानें दाबला असतां चुरूं लागला. ह्या धन्यानें आवरण घातलें नसतें, तर गंज डोळ्यांस दिसला असता व वेळीं घासून रंगवितां आला असता. रक्षणाचा भास हा उघड्या धोक्यापेक्षां अधिक महाग पडतो, तो असा.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावांचून हा विषय पुरा होणार नाहीं. फवारणी-यंत्रासाठीं वा लहान पंपासाठीं पेट्रोल नेणारे शेतकरी पुष्कळदां डबा हौद्यांतच ठेवून भरून घेतात. तळाशीं प्लॅस्टिकचें आवरण असेल तर पेट्रोलच्या प्रवाहानें निर्माण झालेल्या स्थिर विजेस जमिनींत जाण्यास वाट मिळत नाहीं. ती डब्यावर सांठते आणि एखाद्या ठिणगीनें भडका उडतो. अशा आगी अमेरिकेंत लागल्या व तेथील कामगार-सुरक्षिततेचें संशोधन करणाऱ्या सरकारी संस्थेनें १९९८ सालीं त्याविषयीं इशारा प्रसिद्ध केला. तेव्हां डबा नेहमीं खालीं जमिनीवर ठेवून, नळीचें तोंड डब्यास टेकवूनच भरावा. जीव हौद्यापेक्षां मोलाचा आहे.

शेवटीं, कोणतेंही आच्छादन असो वा नसो, एका उपायास पैसा पडत नाहीं. हौद्याच्या कोंपऱ्यांतील पाणी वाहून जाण्याचीं छिद्रें आठवड्यांतून एकदां काडीनें मोकळीं करावीं. खारट माल उतरला कीं त्याच दिवशीं गोड्या पाण्यानें हौदा धुवावा, फाळका उघडा ठेवून गाडी किंचित् उताराकडे तोंड न करतां पाठ करून उभी करावी, म्हणजे पाणी निथळून जाईल. उचलतां येईल तें महिन्यांतून एकदां उचलून खालीं पाहावें. ओरखडा दिसला तर तो घासून त्यावर रेड ऑक्साइड व रंग लावावा. ही मजुरी घरच्या घरीं होते. बैल कामावरून आला कीं शेतकरी आधीं त्याचा खांदा पाहतो, जूं मागाहून. गाडीच्या धन्यानेंही दिवसाकाठीं हौद्याकडे तसेंच पाहिलें, तर हप्ते फिटल्यावरही तो हौदा पुष्कळ वर्षें त्याच्या संसाराचा भार वाहील.