हळद लावणारीचे नाव कोणत्या पोथीत?

माजलगाव तालुक्यातील दिंद्रुड येथे एका घरी आम्हाला औषधांचे जुने बाड पाहावयास मिळाले. मोडी लिपी, कुरतडलेल्या कडा, मधली पाने एकमेकांना चिकटलेली. सोबतच्या जाणकाराने अक्षर लावत वाचले : अडुळसा, गुळवेल, सुंठ, तोळा, मासा. मध्येच भूतबाधेचा मंत्रही निघाला, म्हणजे बाडातले सगळेच काही ज्ञान नव्हते. आमच्यासोबत बौद्ध वस्तीतली एक वृद्ध आजी आली होती. ओट्यावर बसून ऐकता ऐकता ती म्हणाली, "मंत्राचं सोडा, बाकी ह्ये तर म्या बी सांगते की." या आजीने गावच्या सगळ्या आळ्यांतली बाळंतपणे केली. तिच्या हातचे पाणी मात्र त्या घरांत चालत नव्हते.

बाड देवघरात जपले गेले. आजीचे ज्ञान कुठे जपले? आमचा पेशा वकिलीचा, म्हणून आम्हाला यात कायद्याचा प्रश्न दिसतो.

१९९५ साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला हळदीने जखम भरून काढण्याचे पेटंट मिळाले. डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना सीएसआयआरने त्याला आव्हान दिले आणि १९९७ मध्ये अमेरिकी पेटंट कार्यालयाने ते दावे फेटाळले. कशाच्या बळावर? आमच्या आया-बाया जखमेवर हळद दाबतात, ही साक्ष तेथे चालणारी नव्हती. तेव्हाच्या अमेरिकी कायद्यात परदेशातील नुसता वापर वा तोंडी माहिती पुरावा ठरत नसे, छापील दाखला लागे. म्हणून ३२ दाखले जोडावे लागले. तिकडचा तो नियम २०१३ मध्ये बदलला. पण ज्यांना शतकानुशतके अक्षरच नाकारले, त्यांनी कागद आणायचा कुठून?

हळदीचा दाखला आपल्या घरातही होता. विनयपिटकातील महावग्गात औषधांचे स्वतंत्र प्रकरण आहे आणि भिक्खूंना अनुज्ञा दिलेल्या मुळ्यांच्या औषधांत पहिलेच नाव हळदीचे आहे. १८९० मध्ये मध्य आशियातील कुचा येथे बॉवर या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याच्या हाती भूर्जपत्रांची एक पोथी लागली. ती बौद्धांच्या परिसरातली, आणि तिच्यात लसणाच्या गुणांपासून औषधी योगांपर्यंत वैद्यक लिहिलेले. आज ती ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहे. मनुस्मृतीने मात्र वैद्याचे अन्न त्याज्य ठरवले आणि श्राद्धाच्या पंगतीतून त्याला बाद केले. सगळा आयुर्वेद बौद्धांचाच, असे आम्ही म्हणत नाही. अतिशयोक्ती कोर्टात टिकत नाही.

आता आजचे पाहू. आपल्या पेटंट कायद्याच्या कलम २५ नुसार स्थानिक समुदायातील तोंडी ज्ञानाच्या आधारेही पेटंटला हरकत घेता येते. ही आपल्या हाताशी असलेली मोठी गोष्ट आहे. आपल्यातील किती वकिलांनी ते कलम उघडले, हे त्यांनीच सांगावे. २००२ च्या जैवविविधता कायद्याने औषधी ज्ञानाच्या व्यापारी वापरातून मिळणाऱ्या लाभात लोकांचा वाटा मानला. २०२३ च्या दुरुस्तीने मात्र ग्रंथबद्ध पारंपरिक ज्ञानाला त्या बंधनातून सूट दिली. उद्या एखादी कंपनी म्हणेल, हे तर ग्रंथातलेच आहे. तेव्हा आजीचा वाटा कोण मागणार? २०२५ च्या अर्थसंकल्पात एक कोटीहून अधिक हस्तलिखितांच्या नोंदणीसाठी ज्ञान भारतम मिशन जाहीर झाले. बाडे जरूर जपावीत, त्याला आमचा विरोध नाही. पण ते मिशन हस्तलिखितांचे आहे, आजीपर्यंत ते कसे पोहोचणार?

तिच्यासाठी दार एकच आहे, आणि ते ग्रामपंचायतीत आहे. स्थानिक जैवविविधता व्यवस्थापन समितीने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. वनस्पतींसोबत त्यांच्या औषधी उपयोगाचे ज्ञानही तिच्यात नोंदवायचे असते. कार्यकर्त्यांनी आपापल्या गावी ती वही मागून पाहावी. वस्तीतल्या किती बायांना विचारले, तेही विचारावे.

परतण्याआधी आम्ही आजीच्या वतीने अर्ज लिहावयास घेतला. नाव विचारले, तर ती म्हणाली, "माजं कशाला? माज्या सासूचं लिव्हा. तिनं शिकविलं मला."

आम्ही दोघींची नावे लिहिली, अर्ज दिला आणि पोच घेतली.