मागें टाकणें आणि मागें लागणें

मोटारींच्या शर्यतींवर एका निवृत्त शाळामास्तरानें बोलावें, याचें श्रोत्यांपैकीं कित्येकांना नवल वाटेल. परंतु घरांत कॉलेजांत जाणारा नातू असला म्हणजे रविवारची संध्याकाळ कशी घालवावी हें ठरविण्याचा अधिकार आजोबांकडे राहत नाहीं. त्याच्या शेजारीं बसून पाहतां पाहतां मलाहि या खेळांतलें थोडेंबहुत कळूं लागलें, आणि त्यांतूनच आम्हां दोघांत एक वाद उपस्थित झाला. तो आज आपल्यापुढें मांडतों.

२६ मे २०२४ रोजीं मोनाको येथें फॉर्म्युला वनची शर्यत झाली. पहिल्याच फेऱ्यांत अपघात होऊन ती थांबविली गेली. त्या अवधींत टायर बदलण्याची मुभा होती. नियमानें जो बदल एरवीं शर्यत चालू असतांना करावा लागतो, तो असा आयताच पदरांत पडला. मग तेच टायर शेवटपर्यंत पुरावेत म्हणून सारेच बेताबेतानें धांवले. पहिले दहा चालक ज्या क्रमानें निघाले त्याच क्रमानें पोंचले. १९५० पासून चालत आलेल्या या स्पर्धेंत असें पूर्वीं कधीं घडलें नव्हतें. जिंकणारा शार्ल लक्लेर हा तेथलाच मुलगा, तेव्हां गांवकऱ्यांना आनंद झाला असेल, आमचा नातू मात्र वैतागून म्हणाला, "आजोबा, ओव्हरटेक नाहींत तर ही शर्यत कसली?"

त्याचा सिद्धान्त असा कीं, एका गाडीनें दुसरीला मागें टाकणें हाच या खेळाचा प्राण. तें जितके वेळां घडेल तितकी शर्यत रंगतदार. सिद्धान्त सोपा आहे, आणि सोप्या सिद्धान्तांकडे मी शाळेंत असल्यापासून जरा संशयानें पाहतों.

आधीं, मागें टाकणें इतकें अवघड कां, तें सांगतों. या गाड्यांना पुढें व मागें पंख असतात. पण विमानाच्या पंखांच्या अगदीं उलट, म्हणजे गाडीला उचलण्यासाठीं नव्हे, तर जमिनीवर दाबून धरण्यासाठीं. वळणावर गाडी निसटत नाहीं ती बव्हंशीं या दाबामुळें. परंतु पुढची गाडी आपल्यामागें हवा घुसळून सोडते, आणि तसल्या हवेंत मागचीच्या पंखांना पुरेसा दाब मिळत नाहीं. ती वळणावर घसरूं लागते, तिचे टायर तापतात, आणि जवळ येऊनहि पुढें जाणें साधत नाहीं. सरळ रस्त्यावर मात्र पुढची गाडी हवा फाडून देते, त्याचा फायदा मागचीला मिळतो.

या अडचणीवर २०११ सालीं एक तोडगा निघाला. मागची गाडी पुढचीपासून एका सेकंदाच्या आंत असेल, तर ठराविक सरळ टप्प्यावर तिनें आपल्या मागच्या पंखाची फळी उघडावी; म्हणजे हवेचा अडथळा कमी होऊन वेग वाढतो. पुढच्याला बचावासाठीं ती सवलत नाहीं. २०२५ अखेरपर्यंत ही सोय चालू होती. तिच्यामुळें मागें टाकण्याचे प्रसंग वाढले, यांत शंका नाहीं. पण त्यांतले पुष्कळसे, मोकळा रस्ता मिळतांच एस्. टी. नें बैलगाडीला मागें टाकावें, त्यांतलेच. अर्ध्या रस्त्यावरच निकाल कळत असे. एस्. टी. पुढें गेली म्हणून टाळ्या वाजविणारा प्रवासी मीं अद्याप पाहिलेला नाहीं.

नातवाच्या बाजूनें १९७१ सालच्या, इटलींतील मोंझाच्या शर्यतीचा दाखला देतां येईल. तेव्हां त्या मार्गावर वेग तोडणारीं आडवळणें नव्हतीं. गाड्या एकमेकींच्या आडोशानें धांवत आणि आघाडी सारखी बदलत राही. शेवटच्या वळणावर पीटर गेथिननें मुसंडी मारली व एक शतांश सेकंदानें रॉनी पीटरसनला हरविलें. पहिले पांच जण ६१ शतांश सेकंदांत आले. परंतु मधल्या एखाद्या फेऱ्यांत कोण पुढें होता याला तेथें फारशी किंमत नव्हती. जो पुढें गेला तो थोड्याच वेळांत पुन्हां मागें पडणारच होता. जीव टांगणीला लागला होता तो शेवटच्या वळणासाठीं.

आतां माझ्या पक्षाचा साक्षीदार. २१ जून १९८१, स्पेनमध्यें माद्रिदजवळचा हारामा नांवाचा अरुंद, वळणावळणाचा मार्ग, फेरे ८०. कॅनडाचा जील व्हिल्नव्ह फेरारीच्या गाडींत सातव्या जागेवरून निघाला आणि सुरुवातीसच त्यानें तिसरी जागा गांठली. चौदाव्या फेऱ्यांत आघाडीवरचा ॲलन जोन्स रस्ता सोडून गेला व व्हिल्नव्ह पहिला झाला. त्याच्या गाडीचें इंजिन जबरदस्त, पण वळणावर ती म्हणजे लोढणें. पाठीवर प्रथम रॉयटेमान; मग लाफित, वॉटसन आणि द आंजेलिस हेहि येऊन मिळाले. वळणांत चौघेहि त्याच्याहून चपळ. ते वळणावर येऊन भिडत, आणि वळण संपतांच फेरारी सरळ रस्त्यावर चार हात निसटून जाई. ब्रेक क्षणभर उशिरां लागला, एक चाक जरा बाहेर गेलें, कीं मागचे सारे निघून जाणार! ती चूक शेवटपर्यंत झाली नाहीं. पांचहि गाड्या १.२४ सेकंदांत रेषेपार झाल्या. व्हिल्नव्ह पुढें आल्यापासून पहिल्या जागेसाठीं कोणीं कोणाला मागें टाकलेंच नाहीं. तरी जाणकार ही शर्यत अजून नांवाजतात. व्हिल्नव्हचा तो अखेरचा विजय. पुढच्याच वर्षीं बेल्जममध्यें झोल्डर येथें त्याला अपघाती मृत्यु आला.

मोनाकोलाच सर्वस्वीं दोष द्यावा, तर तेंहि बरोबर नाहीं. ३१ मे १९९२ रोजीं त्याच अरुंद रस्त्यांवर आघाडीवरचा नायजेल मॅन्सेल चाकाची शंका येऊन पिटमध्यें थांबला. बाहेर येतो तों आयर्टन सेना पुढें. ताज्या टायरांवर मॅन्सेलनें पांच सेकंदांचें अंतर भराभर तोडलें आणि उरलेले फेरे सेनाच्या डावीउजवीकडे फट शोधण्यांत घालविले. फट सांपडली नाहीं. रस्ता तोच, पण १९९२ मध्यें मागच्याजवळ ताकद होती, निकड होती. २०२४ मध्यें घाई कोणालाच नव्हती. मला वाटतें, प्रेक्षकाला बांधून ठेवतो तो "आतां जमेल कीं नाहीं" हा प्रश्न. उत्तर आधींच ठाऊक असलें, मग तें होकारी असो वा नकारी, कीं पाहण्यासारखें फारसें उरत नाहीं.

आमच्या जुन्नर-आंबेगांवकडच्या घाटांत बैलगाड्यांच्या शर्यती होतात, तेथें तर एकेक गाडा एकटाच धांवतो, आणि निकाल सेकंदांवर लागतो. मागें टाकायला समोर कोणी नसतेंच. तरी बारी सुटली कीं टेकाडावरचीं सारीं माणसें उभीं राहतात.

हारामाचें जुनें चित्रण मीं नातवाला दाखविलें. शेवटच्या फेऱ्यांत तो हातांतला चहा विसरून पुढें सरकून बसला होता. पण लगेच हार मानील तर तो माझा नातू कसला! म्हणाला, "पाहायला छान आहे, आजोबा. पण तुमचा सिद्धान्त त्या लाफितला सांगून पाहा." लाफित पाव सेकंदाहूनहि कमी अंतरानें दुसरा आला होता. त्याचें मत निराळें असणार, हें मीं कबूल केलें.