वेटिंगच्या तिकिटाचा क्लास

चेन्नई मेलचे स्लीपरचे तिकीट काढले आणि हाती 'वेटिंग १४' आले, की घरात रोज एकच चौकशी: "झालं का कन्फर्म?" प्रोग्रामरने हा प्रश्न जरा वेगळा विचारावा: कन्फर्म झाले की नाही, हे ठरवते कोण?

दिल्ली, मुंबई, कोलकाता, सिकंदराबाद आणि चेन्नई ही रेल्वेची पाच आरक्षण केंद्रे १९९९ मध्ये एकमेकांना जोडली गेली. आज एकाच तिकिटाला खिडकी, वेबसाइट, चार्ट आणि टीसी असे अनेक हात लागतात. समजा, अशी व्यवस्था आपण लिहितोय आणि प्रत्येक ठिकाणी 'वेटिंग असेल तर हे, आरएसी असेल तर ते' असे लिहीत गेलो. एक अट कुठेतरी राहते आणि रद्द केलेले तिकीट कन्फर्म होऊन बसते.

म्हणून हे नियम एका वेगळ्या क्लासमध्ये ठेवायचे. सोप्या रूपात अवस्था चार: वेटिंग, आरएसी, कन्फर्म, रद्द. घटना तीन: बढती, चार्ट, रद्दीकरण. आता कुठल्या अवस्थेत कोणती घटना घडली की काय होते, याचा तक्ता भरू.

वेटिंगला बढती मिळाली की आरएसी, म्हणजे साइड लोअरवर दोघांनी बसायचे. आरएसीला बढती मिळाली की कन्फर्म. चार्ट लागला तर आरएसी आणि कन्फर्म जागचे हलत नाहीत. वेटिंगचे ई-तिकीट मात्र आपोआप रद्द होते. रद्दीकरणाने तिघेही रद्द. कन्फर्मला बढती नाही, आणि रद्दला कुठलीच वाट नाही. तिथे क्लास सरळ एरर देतो.

वेटिंग १४ चे १३ झाले, तर आकडा बदलतो, अवस्था नाही. आकड्यागणिक अवस्था केली, तर तक्ता कधीच संपणार नाही.

क्लासने पैसे परत करू नयेत, एसएमएसही पाठवू नये. 'वेटिंगवरून रद्द' एवढेच त्याने सांगावे. पुढचे काम ज्याचे त्याने करावे. चार्ट किती तास आधी लागतो, हेही त्याला ठाऊक नसावे. ती वेळ रेल्वेने बदलली, तरी तक्ता तसाच राहतो.

तपासणीही सोपी. चार अवस्था गुणिले तीन घटना, म्हणजे बारा चौकटी. डेटाबेस नको, सर्व्हर नको; बारा छोट्या टेस्ट लिहिल्या की झाले. खिडकीवरच्या तिकिटाचे वेटिंग चार्टनंतर आपोआप रद्द होत नाही, हा फरक आणायचा झाला, तरी बदलायची चौकट एकच.